मागच्या पुठ्ठ्यावरचे लाल ठिपके

सिल्वासाच्या आमच्या घरात माणसं तीन होती. मी, आमचे हे आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. रेडिओ किती होते ते मात्र विचारू नका. पलंगाखाली रेडिओ, कपाटावर रेडिओ, गव्हाच्या कोठीवर रेडिओ. एकदा न्हाणीघरात पाणी काढायला गेले, तर बंबाशेजारी पाटावर एक रेडिओ नवरदेवासारखा बसलेला. मी किंचाळले. मामंजी पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "ओल लागलीय त्याला. ऊब मिळू दे."

"आणि माझ्या पापडांना कोण ऊब देणार? गच्चीवर ते दोन मोठे वाळत टाकलेत तुम्ही!"

"तुझ्या पापडांचे व्हॉल्व जात नाहीत, सूनबाई."

आता सांगताना हसू येतं. तेव्हा माझ्या डोक्याची शीर तडतडायची. मुळात मी तापट. अमळनेरची आहे, आमच्याकडे मिरची आणि जीभ दोन्ही तिखटच असतात.

आमचे हे मसाटच्या एका धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर होते. सिल्वासातल्याच आमलीत दोन खोल्यांचं घर भाड्याने घेतलं होतं. सासू-सासरे भुसावळला. मामंजी तिथे रेल्वेच्या वर्कशॉपात तपासनीस होते. कारागिराने भाग तयार करायचा, मामंजींनी तो मोजायचा, ठोकून ऐकायचा आणि पास झाला तर त्याच्या अंगावर लाल रंगाचा एक ठिपका द्यायचा. तो ठिपका असल्याशिवाय भाग पुढे जायचा नाही. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. मी नवीन नवरी असताना केलेली पहिली भाकरी त्यांनी बोटाने वाजवून पाहिली होती.

सासूबाई गेल्या आणि हा एवढा बोलका माणूस गप्प झाला. भुसावळला एकटे कसे ठेवणार, म्हणून हे जाऊन त्यांना घेऊन आले. मी वापी स्टेशनावर घ्यायला गेले होते. गाडीतून उतरले तेव्हा ट्रंक यांच्या डोक्यावर आणि मामंजींच्या कडेवर सासूबाईंच्या गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी. मी पाया पडायला वाकले. त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं: "जपून. मागच्या बाजूला हात लावू नकोस."

गोधडीत घरचा जुना रेडिओ होता.

या रेडिओवरून सासू-सासऱ्यांचं उभ्या जन्माचं भांडण होतं. बाहेरून आलेल्या सुनेला ते आधी खरंच वाटायचं. रेडिओची कंपनी मूळची युरोपातली, पण तिने देशोदेशी उपकंपन्या काढलेल्या. मामंजींनी हे मला समजावलं तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे लेकी देशोदेशी दिल्या."

"हां, तसंच. नाव माहेरचंच लावतात. स्वयंपाक मात्र सासरच्या पद्धतीचा."

तर कंपनीची एक लेक हिंदुस्थानात दिलेली, आणि इथले बहुतेक रेडिओ तिच्याच हातचे. पण मामंजींना दुकानदाराने सांगितलेलं, साहेब, हा सेट अस्सल बाहेरच्या उपकंपनीचा आहे, फक्त पुढची काच इथली बसवली आहे. काचेवर दिल्ली, मुंबई, कोलंबो असं सगळं ठळक लिहिलेलं होतं. सासूबाई म्हणायच्या, "काच इथली, पेटी इथली, दुकानदार इथला आणि फसणाराही इथलाच." मामंजी चिडायचे. आल्यागेल्याला ते "आमचा बाहेरचा रेडिओ" म्हणून सांगायला लागले की आतून भांड्यांच्या आवाजाबरोबर सासूबाईंचा आवाज यायचा, "इथलाच आहे हो!"

हा रेडिओ कधी बिघडला नाही. सासूबाई त्याला जपायच्याही तशाच. भिंतीतल्या फडताळात तो बसवलेला होता, पुढून कोणीही पुसावा, पण मागची धूळ त्या स्वतः पुसणार. दसऱ्याला आम्ही भुसावळला जायचो, तेव्हा तर ठरलेलंच. खंडेनवमी-दसऱ्याला घरातल्या शिलाई मशीनला, विळीला, पाट्या-वरवंट्याला हळदकुंकू वाहायचं. रेडिओला मात्र नाही, कारण मामंजींचा हुकूम होता, "यंत्राला कुंकू लागत नाही. यंत्राला तेल लागतं. किटण चढवू नका." सासूबाई "बरं" म्हणायच्या, रेडिओ पुढे ओढायच्या आणि फडकं घेऊन मागे वाकायच्या. मी म्हणायचे, "द्या आई, मी पुसते." तर "तुला नाही जमायचं" म्हणून मला हुसकून लावायच्या. मला राग यायचा. एवढी धूळही पुसता येत नाही का मला?

सासूबाई गेल्यावर सामान आवरताना मामंजींनी रेडिओ फडताळातून बाहेर काढला आणि कित्येक वर्षांनी पहिल्यांदा त्याची पाठ पाहिली. मागच्या पुठ्ठ्यावर, खालच्या कोपऱ्यात, लाल ठिपक्यांची एक ओळच्या ओळ. काळवंडलेले, एकमेकांवर चढलेले, पण लाल.

आता ज्याने जन्मभर लाल ठिपके दिले, त्याला लाल ठिपका दिसल्यावर काय वाटणार? तपासणी! पास! मामंजींच्या मनाने तिथेच पक्कं घेतलं की हिंदुस्थानातल्या उपकंपनीत असे ठिपके देत नाहीत, म्हणजे हा रेडिओ बाहेरचाच. आयुष्यभराच्या भांडणाचा पुरावा सापडला होता, पण तो दाखवायचा कोणाला? भांडणारी निघून गेली होती.

हे सगळं आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. आम्हाला फक्त दिसत होतं की मामंजी जेवत नाहीत, बोलत नाहीत, रेडिओ लावतही नाहीत, नुसती त्याची पाठ बघत बसतात. हे मला हळूच म्हणायचे, "बाबांचं काही खरं नाही गं." मलाही धास्ती वाटायची. वांग्याचं भरीत केलं, कळण्याची भाकरी केली. मामंजींनी ताट तसंच सरकवलं. भाकरी वाजवूनसुद्धा पाहिली नाही. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले.

मग एक दिवस ते कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडून तसाच एक रेडिओ छातीशी धरून आले. डोळे चमकत होते. आल्या आल्या म्हणाले, "सूनबाई, भूक लागलीय."

मी धावत ताट वाढलं. तेव्हा मला काय माहीत की कुठल्या संकटाला जेवायला वाढतेय!

भंगारातला तो रेडिओ पोर्तुगीज अमदानीतला होता. हा मुलूख सुटण्याआधी इथे सगळा माल तिकडूनच यायचा. काचेच्या मधोमध ठळक अक्षरात लिस्बन, दिल्लीचा पत्ता नाही. मागच्या पुठ्ठ्यावर धोक्याची सूचना पोर्तुगीजमध्ये. वीज नव्हती त्या काळातला, म्हणून आत वजनदार बॅटरी ठेवायला रिकामा कप्पा. कंपनी तीच, नाव तेच, पण ही लेक पोर्तुगालात दिलेली. आणि मागच्या पुठ्ठ्यावर, खालच्या कोपऱ्यात, दोन लाल ठिपके.

"बघ!" मामंजी म्हणाले. "तोच कोपरा!"

झालं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मामंजींनी सिद्धांत बांधला तो असा: पोर्तुगालच्या उपकंपनीत माल बाहेर पडताना तपासनीस लाल ठिपका देतो. ज्याच्या पाठीवर ठिपका, तो त्या घरचा. जितके ठिपके जास्त, तितक्या वेळा तपासलेला, म्हणजे तितका वरच्या प्रतीचा. भुसावळच्या रेडिओवर तर ओळच होती. "एवढे ठिपके मी इंजिनाच्या ब्रेकलासुद्धा कधी दिले नाहीत," ते आदराने म्हणायचे.

आता आणखी रेडिओ हवे होते. एक-दोन रेडिओंवर काही सिद्ध होत नाही, असं मामंजींचं म्हणणं. यांच्या कारखान्यात धुळे-नंदुरबारकडची पुष्कळ पोरं कामाला. त्यांना मामंजींनी कामाला लावलं. शिफ्ट सुटली की कोणीतरी दारात, "आबा, खडोलीले एका घरमा पेटी शे." की मामंजी निघाले कामगारांच्या टेम्पोत बसून.

खडोलीच्या त्या पेटीची गोष्ट सांगते. रेडिओ पडवीत होता, आतलं सगळं काढून टाकलेलं, आणि आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. मालकीणबाई म्हणाल्या, घेऊन जा, पण पिल्लं निघाल्यावर. दुसरा कोणी परत आला असता. मामंजी पिल्लं निघेपर्यंत दर एक-दोन दिवसांनी टेम्पोने खडोलीला जाऊन कोंबडीच्या शेपटीमागचा पुठ्ठा बघून यायचे. शेवटी घरी आणला तेव्हा त्याच्यावर तीन ठिपके होते आणि वास असा, की शेजारच्या गुजराती बेननी दोन दिवस खिडकी उघडली नाही.

सिद्धांताच्या आड येणारे रेडिओही निघाले. एकाच्या काचेवर चक्क दिल्ली आणि कोलंबो, आणि पाठीवर ठिपके! मी म्हटलं, "आता हो? हा तर इथला, मग ठिपके कसे?" मामंजी खूश. "बघ, काच बदललेली! आपल्यासारखीच!" मग एका जुन्या बंगल्यातून एक देखणा रेडिओ आला. लाकडाला तडा नाही, कापडाला डाग नाही, लिस्बन लखलखीत. पाठ कोरी. एकही ठिपका नाही. मामंजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि जाहीर केलं, "नापास माल. चोरून बाहेर काढलेला दिसतो." त्या दिवसापासून तो रेडिओ माझ्या पाण्याच्या माठाखाली गेला. मला तेवढा एकच रेडिओ उपयोगी पडला, म्हणून मी काही बोलले नाही.

ठिपक्यांना हात लावायची कोणाला मुभा नव्हती. पुसून पाहायचं नाही, ओलं फडकं लावायचं नाही. "पुरावा आहे तो." मी जवळ गेले की त्यांचा हात आडवा यायचा. मीही काही निरखून पाहिलं नाही. मी टिकली लावणारी बाई, सकाळी आरशावरून काढून कपाळाला चिकटवायची, झालं.

पुढच्या पावसाळ्यात माझा संयम सुटला. घरात कपडे वाळायला जागा नाही, कोठीतून गहू काढायचा तर आधी दोन रेडिओ उतरवायचे. एक दिवस उतरवताना एक माझ्या अंगठ्यावर पडला. मग मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. थोडक्यात असं, की "या घरात एक तर हे खोके राहतील नाहीतर मी! आणि तुमचे ते ठिपके गेले खड्ड्यात! एवढे ठिपके मोजण्यापेक्षा पोळीवरचे मोजा, दोन घास जास्त जातील!"

हे नेमके तेव्हा पहिल्या शिफ्टवरून येऊन दारात उभे. काही न बोलता चपला परत घालून बाहेर गेले. पुरुषांना हे बरं जमतं.

मामंजी अंगठ्याला लावायला हळद घेऊन आले. खाली बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, तिला सांगायचं राहून गेलं गं. जन्मभर म्हणत राहिली, इथलाच आहे. मला एकदा, एकदाच फक्त, तिच्यासमोर म्हणता यायला हवं होतं, की बघ, मी फसलो नव्हतो. आता समोर नाही तर नाही. पण सिद्ध तर करू दे."

मला त्यांची कीव आली, सासूबाईंची आठवण आली, आणि कीव आली म्हणून स्वतःचा रागही आला. अंगठा ठणकत होता तो वेगळाच. मी म्हटलं, "बंबाशेजारी नाही ठेवायचा. बाकी कुठेही ठेवा."

आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत रोज रात्री काहीतरी कार्यक्रम असायचा. कारखान्यातले पुण्या-नाशिकचे इंजिनिअर, आमलीतली खानदेशी मंडळी, सगळे जमायचे. त्या वर्षी जादूगाराने ऐनवेळी नाही म्हटलं, आणि यांनी कुठेतरी बोलता बोलता वडिलांच्या रेडिओंचा विषय काढला. मंडळाने लगेच फळ्यावर लिहून टाकलं: 'जुना रेडिओ कसा ओळखावा, प्रात्यक्षिकासह.' मामंजींनी कोट बाहेर काढला. आरशासमोर उभे राहून रोज बोलायचे आणि शेवटी भुसावळच्या रेडिओवर हात ठेवून म्हणायचे, "आणि हा आमचा, बाहेरचा."

प्रात्यक्षिक म्हणजे एक तरी रेडिओ वाजायला हवा. भंगारातला पहिला रेडिओ मामंजींनी बाजाराच्या पलीकडच्या एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानात दिला. वीज नव्हती तेव्हापासूनचं हे दुकान, गावोगावचे सगळे रेडिओ तिथेच यायचे. मामंजी तोवर तिथे कधी गेले नव्हते, कारण ते रेडिओ वाजवायला थोडेच जमवत होते! कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तो आणायला मी रिक्षा करून गेले.

दुकानदाराने तो वाजवून दाखवला, मागचा पुठ्ठा बसवला, शेवटचा स्क्रू पिळला. दुकानाच्या उंबऱ्यात त्याची म्हातारी आई बसलेली होती, सगळे तिला बा म्हणत. मी रेडिओ उचलला, तशी बा म्हणाली, "ऊभी रे', बेन." तिने कमरेची लाकडी डबी काढली, बोट बुडवलं आणि रेडिओच्या पाठीवर, खालच्या कोपऱ्यात, आधीच्या दोन ठिपक्यांच्या शेजारी एक लाल ठिपका टेकवला.

मी म्हटलं, "बा, हे काय केलंत?"

"घेर जाय छे ने, बेन," बा म्हणाली. "कोरो केम मोकलाय?"

घरी जातोय ना, कोरा कसा पाठवायचा? ती नवी सून म्हणून या घरात आली तेव्हापासून दुकानातून बरा होऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रेडिओला कुंकू लावत होती. आधी पुढे लावायची, पण गिऱ्हाइकं कुरकुरायची, काच खराब होते. मग मागे लावायला लागली.

रिक्षात रेडिओ मांडीवर घेऊन बसले आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचं सगळं घर फिरलं. एक ठिपका म्हणजे एकदा बिघडलेला. तीन म्हणजे तीनदा. मामंजींनी अव्वल प्रतीचे म्हणून पलंगाखाली ठेवलेले सगळे म्हणजे या मुलखातले सगळ्यात रडके रेडिओ! आणि जमवलेल्यांतला कधीही न बिघडलेला एकमेव रेडिओ माझ्या माठाखाली. मला एवढं हसू फुटलं की रिक्षावाला मागे वळून बघायला लागला. मग एकदम आठवलं की संध्याकाळी मामंजी कोट घालून मंडळासमोर उभे राहणार आहेत, आणि हसू जिथल्या तिथे थिजलं.

मी ठरवलं, सांगायचं नाही. आज नाहीच नाही. पदराने तो नवा ठिपका पुसायला गेले, तर तो आणखीच पसरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

मामंजी दारातच वाट बघत होते. त्यांनी रेडिओ माझ्या हातातून घेतला, उलटा केला, आणि जन्मभराच्या सवयीने तपासला.

"जाताना दोन होते," ते म्हणाले. "हा तिसरा ओला आहे."

मी पदर मागे लपवला.

"सूनबाई. पदर लाल का आहे तुझा?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण मामंजींसमोर येत नाही. लोखंडावर हातोडी वाजवून आतला तडा ओळखणारा माणूस. मी सगळं सांगितलं. बा, डबी, घेर जाय छे. ते ऐकत राहिले. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुराव्याला हात लावला. बोट ओलं करून जुना ठिपका घासला, नाकाशी नेलं आणि हळूच म्हणाले, "कुंकूच आहे. रंग असता तर सुटला नसता."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळतोय. मी पाणी आणायला वळले. मागून आवाज आला, "थांब. माठ काढून ठेव आधी. त्या रेडिओची मी माफी मागितली पाहिजे." आणि ते हसायला लागले. डोळ्यात पाणी येईपर्यंत हसले. पलंगाखालचे एकेक ओढून काढले आणि "हा तीनदा मेलेला! हा चारदा! कोंबडीलासुद्धा हा वाजवता आला नसता!" असं म्हणत हसत राहिले. मीही सुटले. हे शिफ्टवरून आले तेव्हा आम्ही दोघं रेडिओंच्या ढिगात बसून पोट धरून हसत होतो. यांना वाटलं, दोघांनाही वेड लागलं.

मग हसता हसता मामंजी एकदम थांबले. समोर भुसावळचा रेडिओ होता, पाठ आमच्याकडे, ठिपक्यांची ती ओळ आमच्याकडे.

"पण आपला कधीच दुरुस्तीला गेला नाही," ते म्हणाले.

मला सासूबाई दिसल्या. हातात फडकं, रेडिओमागे वाकलेल्या. तुला नाही जमायचं. एवढी कसली धूळ असायची दर दसऱ्याला? मी म्हणाले, "मामंजी, त्याची मागची धूळ आई स्वतः पुसायच्या. मला हात लावू द्यायच्या नाहीत. दसऱ्याला."

ते रेडिओजवळ सरकले. त्या ओळीवरून बोट फिरवलं, पण घासलं नाही. हे काही विचारायला लागले, तर मी डोळ्यांनी दटावलं.

"म्हणजे माझं ऐकलंच नाही तिने," मामंजी शेवटी म्हणाले. "एक दसराही नाही ऐकलं." आणि मग, "इथलाच आहे हा. तीच जिंकली."

मी म्हटलं, "मंडळाला निरोप धाडते, तब्येत बरी नाही म्हणून."

"का? मला काय झालंय? कोट दे."

गेले आणि बोलले. काच कशी वाचावी, पुठ्ठ्यावरची भाषा कशी बघावी, बॅटरीचा कप्पा कुठे असतो, एका कंपनीच्या लेकी कशा ओळखाव्यात, सगळं सांगितलं. माठाखालच्या रेडिओला मधोमध मानाची जागा दिली. ठिपक्यांचा सिद्धांत कसा बांधला आणि आज दुपारी कसा पडला तेही सांगितलं, आणि सभेत असा हशा झाला की जादूगार आला असता तरी झाला नसता. शेवटी पुण्याचे एक इंजिनिअर उठले. भुसावळच्या रेडिओकडे बोट दाखवून म्हणाले, "आजोबा, मग हा सगळ्यात जास्त वेळा बिघडलेला म्हणायचा का?"

मामंजी ताठ उभे राहिले. "हा कधीही बिघडलेला नाही."

"मग एवढे ठिपके?"

"तो आमच्या घरातला मामला आहे," मामंजी म्हणाले, आणि खाली बसले. आरती सुरू झाली.

पितृपंधरवडा गेला, नवरात्र बसलं. पलंगाखालचे बरेच रेडिओ मामंजींनी स्वतःच वाटून टाकले. काही यांच्या कारखान्यातल्या पोरांना दिले, खडोलीचा कोंबडीला परत गेला. दसऱ्याला मी शिलाई मशीनला हळदकुंकू वाहिलं, मिक्सरला वाहिलं, यांच्या स्कूटरला झेंडूचा हार घातला. ताट घेऊन रेडिओपाशी आले आणि थबकले. मामंजी समोरच खुर्चीत पेपर घेऊन बसले होते. लावू की नको? सासूबाई असत्या तर एव्हाना फडकं शोधायला गेल्या असत्या. मी हळूच बोट कुंकवात बुडवलं आणि काचेकडे नेलं.

"सूनबाई," मामंजी पेपराआडून म्हणाले. "पुढून नको."

मी हात मागे घेतला. म्हटलं, चुकलंच माझं, यंत्राला तेल लागतं.

"मागून लाव," ते म्हणाले. "मला दिसता कामा नये."

आणि त्यांनी पेपर आणखी थोडा वर धरला.